मदत हवी आहे: प्लाझ्मातला एलकॅट शुद्ध केला, पट्टा दिसतोय, काम शून्य

परीक्षानळी

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे आणि गाडी अडली आहे. विषय एलकॅट, म्हणजे लेसिथिन-कोलेस्टेरॉल ॲसिलट्रान्सफरेज. ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेसिथिनच्या दुसऱ्या कार्बनवरचं फॅटी ॲसिड उचलून हे एन्झाइम कोलेस्टेरॉलवर बसवतं. तयार झालेला एस्टर एचडीएलच्या (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांच्या एका प्रकाराच्या) गाभ्यात सरकतो, मागे लायसोलेसिथिन उरतं.

रक्तपेढीतून मुदत संपलेला २०० मिली प्लाझ्मा घेतला (परवानग्यांचे कागद झालेत, कृपया त्यावरून धागा भरकटवू नये). डेक्स्ट्रन सल्फेट आणि मॅग्नेशियम घालून एलडीएल, व्हीएलडीएल हे दुसरे कण खाली बसवले. वरचा द्रव प्रथिनं वेगळी करणाऱ्या दोन कॉलमवर: आधी फिनाइल सेफरोज, तिथून उतरलेलं डीईएईवर (हा विद्युतभारावरून वेगळी करतो). शेवटी ब्रॅडफर्डने (प्रथिन मोजायची रंगचाचणी) ३८ मिग्रॅ प्रथिन भरलं.

नुसता प्लाझ्मा ३७ अंशांवर ठेवला की मुक्त कोलेस्टेरॉल छान उतरतं, डीटीएनबी (एलकॅटला रोखणारं रसायन) घातलं की उतरायचं थांबतं. डीईएईनंतरचा अंश (कॉलममधून उतरलेला भाग, फ्रॅक्शन) मात्र लेसिथिन-कोलेस्टेरॉलच्या लायपोसोमबरोबर (कृत्रिम सूक्ष्म बुडबुड्यांबरोबर) रात्रभर ठेवला तरी ढिम्म. जेलवर ६६ किलोडाल्टनला ठसठशीत पट्टा आहे. ४१६ अमिनो आम्लांच्या हिशेबाने तो ४७च्या आसपास यायला हवा. सर म्हणतात ग्लायकोप्रोटीन आहे, वर दिसणारच, मिळालाय तुला. मग काम का करत नाही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

गाळणी

सरांचं अर्धं बरोबर आहे. एलकॅटच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा साखरेचा असतो, म्हणून तो जेलवर ६३ ते ६७च्या पट्ट्यात बसतो. पण तिथेच आणखी कोण बसतं? अल्ब्युमिन, ६६.५.

जरा आकडेमोड करा. प्लाझ्मात एलकॅट मिलीलिटरला जेमतेम ६ मायक्रोग्रॅम. तुमच्या २०० मिलीमध्ये एकूण १.२ मिग्रॅ, तेही एक कणसुद्धा वाया गेला नाही असं धरून. तुमच्या हातात ३८ मिग्रॅ आहे. उरलेलं कोण आहे ते सांगायला नको. मिलीलिटरला ७० मिग्रॅ प्रथिनांतून हे एक वेगळं काढायचं म्हणजे बारा हजार पट शुद्धीकरण, ते दोन कॉलममध्ये होत नाही. दोघंही आम्लधर्मी, त्यामुळे डीईएईवरून मागेपुढे उतरतात. अल्ब्युमिन पकडणारा निळ्या रंगद्रव्याचा कॉलम मध्ये घालावाच लागेल.

खात्री करायची असेल तर थोडा नमुना पीएनजीएज-एफने (प्रथिनावरच्या साखरेच्या एन-साखळ्या कापणारं एन्झाइम) कापून शेजारच्या लेनमध्ये चालवा. एलकॅटला एन-साखळीच्या चार जागा आहेत (२०, ८४, २७२ आणि ३८४), त्या निघाल्या की पट्टा खाली घसरतो. अल्ब्युमिनला साखरच नाही, ते जागचं हलणार नाही. शिवाय एलकॅटचा पट्टा पसरट, कडा धुरकट असतो. "ठसठशीत" हा शब्द वाचूनच मला शंका आली होती.

पिंपळपान

माझ्या वडिलांचं कोलेस्टेरॉल २६० आलंय. ही एलकॅटची टेस्ट करून घ्यावी का?

गाळणी

नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते आणि २६०साठी लागतही नाही. वडिलांना डॉक्टरांकडे न्या, इथे विचारू नका. एलकॅट जन्मजात नसण्याचा आजार फार दुर्मीळ आहे. नोरुम आणि योने यांनी १९६७मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबात तो पहिल्यांदा नोंदवला: बुबुळावरचा पारदर्शक पडदा धुरकटलेला, रक्तक्षय आणि लघवीतून प्रथिनं.

खारीचा_वाटा

गाळणींशी सहमत, पण मूळ प्रश्न राहिलाच. १.२ मिग्रॅतलं निम्मं जरी उरलं असेल तरी थोडं काम दिसायला हवं होतं. परीक्षानळी, तुमच्या लायपोसोममध्ये एपो ए-१ (एचडीएलवरचं मुख्य प्रथिन) आहे का? लिहिलेलं नाही, म्हणजे नसावं. एलकॅटला नुसतं लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल दिलं तर तो जवळजवळ काहीच करत नाही. त्याला एचडीएलसारखा कण लागतो, त्यावर एपो ए-१ लागतं. प्लाझ्मात ते आयतं होतं म्हणून आकडा दिसला. कॉलमवर तुम्ही दोघांची ताटातूट केलीत.

दुसरं म्हणजे हे एन्झाइम हवा-पाण्याच्या सीमेवर मरतं. व्होर्टेक्स नको, फेस येऊ देऊ नका, शुद्ध झाल्यावर बफरमध्ये मीठ कमीत कमी ठेवा.

आणि तिसरं, बफरमध्ये मरकॅप्टोइथेनॉल (गंधकाचे बंध तोडणारं रसायन) असेल तर डीटीएनबीचा कंट्रोल फसतो. डीटीएनबी ३१ आणि १८४ क्रमांकाच्या मोकळ्या सिस्टीनवर चिकटतं, मरकॅप्टोइथेनॉल ते पुन्हा सोडवून टाकतं. व्हायवात हमखास विचारतील म्हणून सांगतो: हे सिस्टीन उत्प्रेरक नाहीत. काम करणारं त्रिकूट सेरीन १८१, ॲस्पार्टेट ३४५, हिस्टिडीन ३७७ असं आहे. दोन्ही सिस्टीन बदलून ग्लायसिन केले तरी एन्झाइम चालतं, फक्त डीटीएनबीला दाद देत नाही.

परीक्षानळी

खूप खूप आभार दोघांचेही! पीएनजीएज-एफ शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागून बघते. पण शुद्ध एपो ए-१ विकत घ्यायचं म्हणजे आमच्या विभागाचं वर्षाचं बजेट. किरणोत्सारी कोलेस्टेरॉलचीही परवानगी नाही, आम्ही मुक्त कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजच्या किटने मोजतो. काही देशी उपाय?

खारीचा_वाटा

आहे, आणि जुनाच आहे. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवा. त्यातला एलकॅट मरतो, एपो ए-१ तग धरतं. हेच तुमचं सबस्ट्रेट. प्लाझ्मा घेऊ नका, ५६ला फायब्रिनोजेन साकळून सगळा गदळ होतो. तापवलेलं सीरम एकटं एका नळीत, तुमच्या अंशासह दुसऱ्या नळीत, दोन्ही ३७ अंशांवर. फरक आला तर तो तुमच्या एन्झाइमचा. मुक्त कोलेस्टेरॉलची अशीच घट स्पेरीने १९३५मध्ये पाहिली होती. ती लेसिथिनकडून होणारी बदली आहे हे ग्लॉमसेटने दाखवलं ते १९६२ला.

किट पेरॉक्सिडेजवालं आहे म्हणजे नळीत मरकॅप्टोइथेनॉल अजिबात नको. ते रंग खातं, आणि कोलेस्टेरॉल उतरल्याचा भास होतो.

गाळणी

+१. अंश डायलाइज करूनच (पडद्यातून लहान रेणू धुऊन काढूनच) घाला. आणि डीईएईचे सगळे अंश असे तपासा, फक्त प्रथिनाचा शिखर असलेला नव्हे. तो शिखर अल्ब्युमिनचा असणार.