वृद्धाश्रमात पितृपक्षाचं जेवण आणि वाढदिवसाचे केक: बंद करावेत का?

चिंचेचं_पान
पितृपक्ष जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'यंदा कुठल्या वृद्धाश्रमात जेवण द्यायचं' सुरू होतं. माझं मत: बंद करा. पंधरवडाभर तिथल्या ताटांत रोज खीर आणि वडे, खाणाऱ्यांत कितीतरी जण शुगरवाले. दिवाळीचा फराळ वाटून झाला की मग कुणी फिरकत नाही. वाढदिवसांचं तर विचारूच नका. केक, टोप्या, आजींच्या खांद्यावर हात टाकून फोटो, संध्याकाळी तो स्टेटसला. त्या बाईंना कुणी विचारलं? आपण कुठे राहतो हे त्यांना भावकीत कळू द्यायचं नसेल तर? काही करायचंच असेल तर चार माणसांनी दर शनिवारी तासभर जावं, वर्षभर. नाहीतर घरी बसावं.

हिशेबनीस
एका आश्रमाचा विश्वस्त आहे, खर्चाचं मीच बघतो. अनुदान नसलेल्या संस्थेत राहणाऱ्यांची फी मावश्यांच्या पगारात संपते. किराणा, गॅस, डायपर हे सगळं अन्नदानाच्या पावत्यांवर चालतं. बंद करा म्हणणारे ते बिल भरणार आहेत का? आम्ही एवढंच केलं की बाहेरचं शिजवलेलं घेत नाही. तिथीचे पैसे द्या, पावती घ्या, स्वयंपाक आमचा आणि गोड अर्धी वाटी. फोटोला मनाई. काही देणगीदार रुसले, बाकीचे टिकले.
तुमच्या शनिवारवाल्यांचा अनुभव मात्र वाईट. सुरुवातीला दहा येतात, पाऊस लागला की दोन. इकडे आजी दुपारपासून दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. त्यापेक्षा वर्षातून एकदाच येणारे परवडले, त्यांची निदान कुणी वाट बघत नाही.

चिंचेचं_पान
काका, पावतीचं पटलं. पण दहातले दोन टिकले तर ते दोनच घ्या की! न येणाऱ्यांमुळे येणाऱ्यांना का नाकारायचं?

साताऱ्याची_सून
माझी नणंद अशाच ठिकाणी काम करते. कार्यक्रम चारला असला की तिची धावपळ दोनपासून. सगळ्यांना उठवा, डायपर बदला, वेण्या घाला, व्हीलचेअर हॉलमध्ये ओळीने लावा. पाहुणे साडेपाचला उगवतात आणि भाषणं करतात. रात्रीच्या गोळ्यांना उशीर झाला की बोलणी हिलाच. येणाऱ्यांनी आधी मावश्यांना वेळ विचारावी, एवढंच.

विदर्भवाला
मुळात हे समाजाने का करायचं? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात कलम १९ आहे. जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय. ते सरकारकडून करून घ्या, केक आपोआप थांबतील.

हिशेबनीस
त्यातही 'टप्प्याटप्प्याने' म्हटलंय. तोवर तूरडाळ कोण आणणार?

डचकाठी
इथे नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर गावात ह्युमॅनिटास म्हणून वृद्धाश्रम आहे. तिथे विद्यार्थ्यांना खोली फुकट देतात. बदल्यात महिन्याला ३० तास चांगल्या शेजाऱ्यासारखं वागायचं. आपल्याकडे कॉलेजच्या गावांत हे करून बघता येईल.

हिशेबनीस
खोली रिकामी असायला हवी ना. आमच्याकडे वेटिंग लिस्ट आहे.

खोली_सात
मी अशाच एका आश्रमात राहतो, वय ७९. तुम्ही सगळे 'यावं की न यावं' यावर भांडताय. आम्ही बाहेर पडावं, हे कुणालाच सुचलं नाही. गणपतीत मंडळाची पोरं प्रसाद खोलीत आणून देतात, आरतीला मंडपात नेत नाहीत. भजनी मंडळं येऊन आमच्यासमोर गातात, टाळ कधी हातात देत नाहीत. मी बँकेत होतो. शेजारच्या वस्तीतल्या बचत गटाच्या वह्या तपासून देईन, आणून तर द्या!

हिशेबनीस
आजोबा, तळमळ कळते. पण रस्त्यात कुणी पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की मुलाचा परदेशातून फोन येतो: कुणाच्या परवानगीने नेलंत? म्हणून आधी नातेवाइकाची सही लागते.

खोली_सात
मुलाची सही कशाला? मला येते की सही करता.

साताऱ्याची_सून
👏 पण सोबत एक मावशी द्यावीच लागेल, आणि तिचा ओव्हरटाइम.

चिंचेचं_पान
तो सोसायटीने द्यावा, मी ग्रुपवर टाकते. मंडप तळमजल्यालाच आहे, अडचण संडासाची. खाली फक्त वॉचमनचा, तोही भारतीय पद्धतीचा. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते का कुठे?