मनातले मांडे, मोबाईलातले मांडे

शहापूरकर
काल इथं एका शहाण्यानं लिहिलं: "चाकावरचा माठ, मांड्याची घडी, एका रेषेत पडणारी रांगोळी, असले व्हिडिओ तासभर बघणारे म्हणजे रिकामटेकडे. आपले आजोबा याला मनातले मांडे म्हणायचे." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून उत्तर देतोय.

साहेब, तुमच्या आजोबांच्या आधीपासून माणसं हेच करत आलीत. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात जा, मान वर करा. 1204 साली कोरलेलं ते छतातलं उलटं कमळ बघून तुमचीही मान पाच मिनिटं खाली येणार नाही. त्या दगडाचा कुणाच्या पोटाला काय उपयोग? माझी आजी दारातले ठिपके जोडून झाले की दोन पावलं मागं सरकून नुसती बघत उभी राहायची. ती रिकामटेकडी होती? नऊ माणसांचा स्वयंपाक मागं पडलेला असायचा तिचा.

रोखठोक
तो शहाणा मीच. आजीनं रांगोळी *काढली*, मग बघितली. तुम्ही नुसतं बघता. फरक कळत नसेल तर वाद संपला.

शहापूरकर
कमल बस्ती मी कोरली नाही. मग मान खाली घालून जाऊ?

चाकावरचा, खानापूर
मी कुंभाराचा पोरगा. आमच्याकडं पण येतात मोबाईल घेऊन. दोऱ्यानं माठ चाकावरून सुटतो तेवढं टिपतात आणि जातात. पुढं आतून गोटा धरून बाहेरनं थापटी मारत बसायचं, सावलीत वाळवायचं, त्याला कोण थांबतंय? आमच्याकडचा पाऊस माहीत आहे न्हवं? आठ आठ दिवस माल वाळत नाही. एकदा भट्टी उघडली तर निम्मे माठ तडकलेले. आई तिथंच खाली बसली. ते कुणाला समाधान देतंय?
पण खरं सांगू, दोरा फिरला की मला अजून बरं वाटतं. रोज बघूनसुद्धा.

रोखठोक
बघा, कुंभारच सांगतोय! (शेवटची ओळ सोडून.)

मानसशास्त्र शिकवणारी
1927 मध्ये झायगार्निक बाईंनी मांडलं होतं की अर्धवट राहिलेलं काम मनात जास्त टिकतं. नंतरच्या प्रयोगांत ते दरवेळी जुळलं नाही, तरी या व्हिडिओंची गंमत तिथंच असावी असं मला वाटतं. घडी पूर्ण होते, मन सुटतं.

टिळकवाडीकर
म्हणून माझ्या घराचा वरचा मजला डोक्यातनं जात नाही होय! तीन वर्षं सळया उभ्या आहेत, मॅडम. गवंडी फोन उचलत नाही.

निपाणीचा नाना
मला विचाराल तर बघण्यासारखं एकच. दुकानाच्या पाटीवर नवा रंग मारलाय आणि दुपारच्या तिरक्या उन्हात खालची मराठी अक्षरं वर येतात. 2024 पासून साठ टक्के कन्नडचा नियम, पण...

टिळकवाडीकर
नाना, हात जोडतो. मांड्यावर तरी सीमाप्रश्न नको.

जळगावची लेक, बेळगावची सून
मांड्यावरच बोलते. तुमचा तो मांड्याच्या घडीचा व्हिडिओ पाहिला. पिठीसाखर, तूप, खसखस घातलेला तो कुरकुरीत कागद म्हणजे मांडा? मांडा पुरणाचा. खापरावर भाजलेला, मऊ. तुमचं ते बिस्कीट.

शहापूरकर
वहिनी, जपून. लेकीच्या पाठवणीला मांड्याची बुट्टी गेली नाही तर आमच्याकडं लग्न झालं असं कुणी धरत नाही. पुरण घातलं की ती पुरणपोळी. मोठी झाली म्हणून मांडा होत नाही.

जळगावची लेक, बेळगावची सून
हातावर कोपरापर्यंत पोळी फिरवून दाखवा, मग बोला. आणि मुक्ताबाईंनी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ते काय पिठीसाखरेचे होते?

टिळकवाडीकर
तुम्ही होता काय तिथं पुरण वाटायला?

जळगावची लेक, बेळगावची सून
पंचवीस वर्षं या गावात राहतेय, अजून हीच भाषा ऐकायची. सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला माझे मांडे शेजारी दाखवले होते, "हे बघा, ओले राहिले" म्हणून.

टिळकवाडीकर
चुकलं, वहिनी. शब्द मागं घेतला. मांडा मागं घेत नाही.

शहापूरकर
आमचा मांडा पण हातावरच फिरवतात, हे मात्र नोंदवून ठेवा. आणि गरम आहे तोवरच घडी बसते. क्षणभर उशीर झाला की कडक होऊन मोडतो. ती घडी बघताना श्वास अडकतो तो त्यासाठी. रोखठोक, तुम्ही बघितला का तो व्हिडिओ, की न बघताच आजोबांना मधी आणलं?

रोखठोक
चारदा बघितला. तीनदा चुका काढायला.

शहापूरकर
आणि चौथ्यांदा?

रोखठोक
घरच्यांना दाखवायला. माझं मत तेच आहे.

चाकावरचा, खानापूर
चारदा बघून पण दिसलं नाही? शेवटाकडं एक मांडा घडीला फाटतो. बाई न बघताच तो चळतीच्या खाली सारतात. व्हिडिओतनं तेवढं कापायचं राहून गेलंय बहुतेक.

जळगावची लेक, बेळगावची सून
आताच पाहिलं. आमच्याकडंही तसाच सारतात.