मदत हवी आहे: कनेटिकटमध्ये बेघर-साहाय्य निधीची हद्द जनगणनेच्या आकड्यांशी कशी जुळवायची?

रेघारेघा

नमस्कार मंडळी,

क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) वापरणारे आणि अमेरिकेत सरकारी अनुदानाच्या कामात असणारे बरेच जण इथे आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून विचारते.

मी कनेटिकटच्या फेअरफील्ड काउंटीत राहते. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला फावल्या वेळात नकाशे करून देते. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: फेडरल सरकारचं गृहनिर्माण खातं, म्हणजे हड, 'कंटिन्युअम ऑफ केअर' कार्यक्रमातून बेघरांसाठी निधी देतं. त्यासाठी देशभर ३८० च्या आसपास भाग आहेत. कुठे एक शहर, कुठे चार-पाच काउंट्या, कुठे अख्खं राज्य. प्रत्येक भागाला राज्याची दोन अक्षरं आणि तीन आकडे असा क्रमांक असतो. आमच्या राज्यात सीटी-५०३ म्हणजे ब्रिजपोर्ट-स्टॅमफर्ड-नॉरवॉक-डॅनबरी/फेअरफील्ड काउंटी, आणि बाकीचं राज्य म्हणजे सीटी-५०५, 'बॅलन्स ऑफ स्टेट'. या हद्दींची शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या रेघांची फाइल, हड दरवर्षी देतं.

संस्थेला सीटी-५०३ साठी एक नकाशा आणि तक्ता हवाय: लोकसंख्या, गरिबी, उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त पैसे भाड्यात घालवणारी कुटुंबं, आणि शेजारी जानेवारीतल्या बेघर-मोजणीचा आकडा.

आता अडचण. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे सेन्सस ब्यूरोची (जनगणना खात्याची) दरवर्षीची पाहणी, तिच्या २०२२ पासूनच्या आकड्यांत फेअरफील्ड काउंटी नावाची ओळच नाही! कनेटिकटमध्ये काउंटी सरकारं १९६० सालीच बंद झाली, काउंट्या फक्त नकाशावर उरल्या होत्या. २०२२ मध्ये सेन्सस ब्यूरोने त्या आठ काउंट्यांच्या जागी नऊ प्लॅनिंग रीजन घेतले. त्यामुळे ०९००१ या फेअरफील्डच्या जुन्या क्रमांकावर नकाशा आणि आकडे जोडले की कोरा तक्ता हातात येतो. वेस्टर्न कनेटिकट (०९१९०) आणि ग्रेटर ब्रिजपोर्ट (०९१२०) हे दोन रीजन एकत्र केले तर आकार जवळपास तोच दिसतो, पण तो 'जवळपास'च आहे. न्यू मिलफर्ड आणि ब्रिजवॉटर ही लिचफील्ड काउंटीतली दोन टाउन आत येतात, आणि फेअरफील्ड काउंटीतलं शेल्टन बाहेर राहतं, कारण ते नॉगटक व्हॅली रीजनमध्ये गेलंय.

संस्थेच्या बैठकीत लगेच प्रश्न आला, "न्यू मिलफर्ड आता आपल्यात आलं का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

तर: (१) निधीसाठी खरी हद्द कोणती धरायची? (२) शेपफाइल आणि रीजन एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटली तर चालेल का? (३) कुणी हे आधी केलंय का?

उत्तरायण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सेन्सस ब्यूरोने काय बदललं याने निधीची हद्द बदलत नाही. न्यू मिलफर्ड आपोआप तुमच्यात आलेलं नाही. बैठकीत हे आधी सांगून टाका, नाहीतर कुणीतरी ते अर्जात लिहून मोकळं होईल.

कंटिन्युअमची हद्द कुणी नकाशावर बसून आखलेली नसते. ती एक यादी असते. निधीच्या स्पर्धेआधी नोंदणी होते, त्यात प्रत्येक कंटिन्युअम 'हे भूभाग आमचे' असा दावा करतो, आणि हा दावा हडच्या सहा आकडी जिओकोडांनी, म्हणजे शहरा-काउंट्यांच्या क्रमांकांनी, केलेला असतो. शेपफाइल त्या यादीवरून तयार होते. म्हणून रेघ आणि यादी यांत फरक दिसला तर यादी खरी. काही राज्यांत कुणीच दावा न केलेल्या काउंट्याही असतात, त्या नकाशावर पांढऱ्या राहतात. ती शेपफाइलची चूक नाही, तिथे खरंच कुणी नाही.

दुसऱ्या प्रश्नाला ठाम नाही. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करू नका. ब्रिजपोर्टची दाटी आणि रेडिंगची झाडी एकाच मापाने मोजली जाईल. शिवाय गरजच नाही, कारण तुमच्याकडे टाउन आहेत. कनेटिकटमध्ये टाउन म्हणजे शिवारासकट गाव, दोन टाउनांच्या मधे बेवारशी जमीन उरत नाही. राज्यात १६९ टाउन आहेत आणि त्यांच्या हद्दी २०२२ मध्ये हलल्या नाहीत. जुनी काउंटी असो, नवं रीजन असो, दोन्ही पूर्ण टाउनांचेच बनलेत. तेव्हा टाउन हे एकक धरा, १६९ ओळींचा एक तक्ता करा, त्यात जुनी काउंटी, नवा रीजन आणि कंटिन्युअम असे तीन रकाने ठेवा. मग हवं त्या रकान्यावर बेरीज करा. बेरजेची पडताळणी सोपी आहे: वेस्टर्न कनेटिकटच्या १८ टाउनांतून दोन वजा, ग्रेटर ब्रिजपोर्टची सहा आणि शेल्टन मिळून २३. फेअरफील्ड काउंटीत २३ च टाउन आहेत.

एक्सेलमध्ये उघडत असाल तर क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा. कनेटिकटचा क्रमांक शून्याने सुरू होतो आणि एक्सेल ते शून्य गिळून टाकतं.

पाटीपेन्सिल

उत्तरायण यांना +१. थोडी भर.

टाउनांचे आकडे 'काउंटी सबडिव्हिजन' या पातळीवर मिळतील. तिथला जीओआयडी, म्हणजे सेन्ससचा भूभाग-क्रमांक, दहा आकडी असतो: दोन राज्याचे, तीन काउंटीचे, पाच टाउनचे. २०२२ ला मधले तीन बदलले, शेवटचे पाच तेच राहिले. म्हणून जुन्या-नव्या वर्षांची जोडणी शेवटच्या पाच आकड्यांवर करा. सेन्सस ब्यूरोने जुन्या-नव्या क्रमांकांची तुलना देणारी फाइलही दिलेली आहे, ती हाताशी ठेवा.

१६९ पेक्षा जास्त ओळी दिसल्या तर घाबरू नका. ज्यांचा शेवट ००००० ने होतो त्या लाँग आयलंड साउंडच्या पाण्याच्या. त्या काढून टाका. आणि छापायच्या नकाशासाठी 'टायगर' या सेन्सस ब्यूरोच्या हद्दींच्या मूळ फाइली घेऊ नका, त्यात किनाऱ्याची टाउनं समुद्रात शिरलेली दिसतात. 'कार्टोग्राफिक बाउंडरी' फाइली घ्या.

रेघारेघा

उत्तरायण, पाटीपेन्सिल, दोघांचेही खूप आभार. टाउनांचा तक्ता झाला. २३ ची बेरीज बसली.

आता नवी भानगड. हडच्या जिओकोडांची यादी काढली. त्यात फेअरफील्ड काउंटीसमोर ०९९००१ आहे आणि सेन्ससकडे ०९००१. हे एकच का? आणि यादीत ब्रिजपोर्ट, स्टॅमफर्ड वगैरे शहरं वेगळी आहेत आणि काउंटीही वेगळी आहे. मग काउंटीची लोकसंख्या अधिक ब्रिजपोर्टची लोकसंख्या असं करायचं का? तसं केलं तर आकडा फुगतोय.

शेल्टनचं काय करायचं तेही अजून कळलेलं नाही.

उत्तरायण

०९९००१ मध्ये पहिले दोन राज्याचे, मग एक ९, मग काउंटीचे तीन. तो ९ 'ही काउंटी आहे' एवढं सांगायला आहे. लॉस एंजेलिस काउंटी म्हणूनच ०६९०३७ दिसते. सेन्ससचा क्रमांक पाच आकडी आणि हडचा सहा, दोन्हींत शून्यं आणि नऊ सारखेच पसरलेले, त्यामुळे घाईत डोळा फसतो. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा, एकातून दुसरा सूत्राने काढू नका. शहरांचे क्रमांक त्या साच्यात बसत नाहीत.

दुहेरी बेरजेबद्दल: या यादीत काउंटी म्हणजे 'काउंटीतून ती शहरं वजा जाता उरलेलं'. सामुदायिक विकास अनुदान, म्हणजे सीडीबीजी, ज्या शहरांना थेट मिळतं ती स्वतंत्र मोजली जातात. म्हणून यादीतल्या सगळ्या ओळी मिळून एकदाच काउंटी होते.

शेल्टनसाठी नावावर जाऊ नका. सीटी-५०३ च्या नावात 'फेअरफील्ड काउंटी' आहे म्हणून शेल्टन आत, असं गृहीत धरलंत तर ते बरोबरही निघेल कदाचित, पण अर्जाला 'कदाचित' चालत नाही. कंटिन्युअमच्या 'कोलॅबरेटिव्ह ॲप्लिकंट'ला, म्हणजे त्यांच्या वतीने अर्ज भरणाऱ्या संस्थेला, नोंदणीतली दाव्याची यादी मागा. न्यू मिलफर्ड आणि ब्रिजवॉटरही त्याच यादीवर तपासून घ्या.

खाडीपलीकडे

कॅलिफोर्नियातून लिहितोय. नावावर न जाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडचं उदाहरण: सीए-६०० चं नाव 'लॉस एंजेलिस शहर आणि काउंटी'. पण लाँग बीच (सीए-६०६), पॅसाडेना (सीए-६०७) आणि ग्लेंडेल (सीए-६१२) त्याच काउंटीत असून स्वतंत्र कंटिन्युअम आहेत. काउंटीची लोकसंख्या उचलून सीए-६०० समोर लिहिली की तीन शहरं फुकट पदरात पडतात. वर्तमानपत्रांतल्या तुलनांतही हा घोळ दिसतो, 'काउंटीतले बेघर' म्हणून कधी एका कंटिन्युअमचा आकडा येतो, कधी चारही मिळून.

मुठाकाठ

विषय माझा नाही, पण रस घेऊन वाचतोय. आपल्याकडे शहरी बेघरांच्या निवाऱ्यांचा हिशेब लोकसंख्येवर आहे, लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांचा एक निवारा. हद्द महापालिकेचीच. तुमच्याकडे या भानगडीसाठी वेगळाच नकाशा का लागतो? आणि जिथे जास्त बेघर मोजले तिथे जास्त पैसे, इतकं सरळ आहे का?

उत्तरायण

मुठाकाठ, नाही, आणि हा गैरसमज इथल्या संस्थांतही भरपूर आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक संस्था स्वतंत्रपणे हडकडे अर्ज करायची. एकाच गावात तिघं निवारा चालवतायत आणि कायमच्या घराचं कुणी बघत नाही, अशी अवस्था. म्हणून हडने म्हटलं, आधी एका भागातल्या सगळ्यांनी एकत्र या, मिळून अर्ज करा. भाग कोणता ते स्थानिकांनी ठरवलं, म्हणून कुठे शहर, कुठे राज्य. २००९ च्या हार्थ कायद्याने हीच पद्धत कायद्यात आणली आणि २०१२ मध्ये तिचे नियम आले.

पैशांचा हिशेब: यादीतल्या प्रत्येक जिओकोडसमोर एक रक्कम असते, 'प्रिलिमिनरी प्रो राटा नीड'. तुमच्या सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे तुमच्या भागाची प्राथमिक गरज. ही रक्कम जानेवारीच्या मोजणीवरून निघत नाही. ती सीडीबीजीच्या सूत्रावरून निघते: लोकसंख्या, गरिबी, दाटीवाटीची घरं, १९४० पूर्वीची घरं, लोकसंख्यावाढीत पडलेली पिछाडी. थेट अनुदानाची मोठी शहरं आणि शहरी काउंट्या यांना मिळून ७५ टक्के आणि उरलेल्यांना २५ टक्के अशी आधी विभागणी होते. मग ही बेरीज आणि चालू प्रकल्पांच्या वार्षिक नूतनीकरणाची रक्कम यांत जी मोठी ती धरली जाते. जुन्या, भरपूर प्रकल्प असलेल्या कंटिन्युअमांत नूतनीकरणाचीच रक्कम मोठी निघते, तिथे एखादं टाउन आत-बाहेर झाल्याने फारसं हलत नाही. लहान कंटिन्युअमात हलू शकतं.

मोजणीचे आकडे अर्जाच्या गुणांकनात येतात. आणि राष्ट्रीय अहवालात, २०२४ चा ७,७१,४८० हा आकडा त्यातूनच आला. माझं मत विचाराल तर जवळपास पन्नास वर्षं जुन्या शहरविकासाच्या सूत्रावर बेघरांची गरज ठरवणं विचित्रच आहे. पण आहे हे असं आहे.

रेघारेघा

हे मला कुणीच इतकं सरळ सांगितलं नव्हतं. दाव्याची यादी मागवली आहे.

शेवटचे दोन प्रश्न, मग तुम्हाला सोडते. एक, जानेवारीच्या मोजणीचा आकडा टाउनांत विभागून दाखवता येईल का? संस्थेला 'आमच्या टाउनात किती' हे हवंय. दोन, न्यू मिलफर्डचा माणूस डॅनबरीत मदत मागायला आला तर हद्दीबाहेरचा म्हणून परत पाठवायचं का? बैठकीत एका काकांनी नकाशावर बोट ठेवून हे विचारलं आणि मला नीट उत्तर देता आलं नाही.

पाटीपेन्सिल

पहिल्याला: हड जे प्रसिद्ध करतं ते कंटिन्युअमच्या पातळीवर. लोकसंख्येच्या प्रमाणात टाउनांना वाटू नका, निवारे मोजक्याच गावांत असतात आणि लोक तिथेच मोजले जातात. निवारा नसलेल्या गावासमोर तुम्ही खोटा आकडा लिहाल. मोजणी करणाऱ्यांकडे स्थानिक तपशील असेल तर तो मागून घ्या, आणि लहान आकडे लपवा, दोन-तीन माणसं ओळखू येतात. आणखी एक: ही मोजणी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या एका रात्रीची. निवाऱ्यातल्यांची दरवर्षी सक्तीची, रस्त्यावरच्यांची किमान दोन वर्षांतून एकदा. दोन वर्षांची तुलना करण्याआधी दोन्ही वर्षी रस्त्यावरची मोजणी झाली होती का ते बघा.

टाउनांच्या बेरजेसोबत सर्व्हेच्या अंदाजात किती चूक असू शकते (मार्जिन ऑफ एरर) तीही द्या. ती सरळ बेरीज नसते, प्रत्येकीचा वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ. ब्रिजवॉटरसारख्या छोट्या टाउनाचे आकडे पाच वर्षांच्या सर्व्हेतलेच घ्या. भाड्याच्या बोजासाठी तक्ता बी२५०७०.

उत्तरायण

दुसऱ्याला: हद्द ही नियोजनाची आणि दाव्याची. माणसाची नाही. आलेल्या माणसाला समन्वित प्रवेश-यंत्रणेतून, म्हणजे मदत मागणाऱ्यांची नोंद घेऊन योग्य संस्थेकडे पाठवणाऱ्या सामायिक व्यवस्थेतून, पुढे जोडून द्यायचं, तो शेजारच्या कंटिन्युअमचा असेल तर त्यांच्या यंत्रणेशी बोलून. भाडे-साहाय्य मिळालेल्या व्यक्तीने हद्दीबाहेर घर निवडलं तरी काही अटींवर चालतं, तशी सोय नियमांतच आहे. कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्यांसाठी तर ती फारच महत्त्वाची. तुमच्या संस्थेच्या करारात काही वेगळी अट आहे का ते मात्र बघून घ्या, काकांना त्यावरून उत्तर द्या.

नकाशात सीटी-५०३ ची हद्द जाड रेषेने, प्लॅनिंग रीजन तुटक रेषेने दाखवा आणि खाली तीन गोष्टी लिहा: कंटिन्युअमची यादी कोणत्या वर्षाची, सर्व्हेचे आकडे कोणत्या वर्षांचे, मोजणी कोणत्या जानेवारीची. तिन्ही वर्षं वेगळी निघणार आहेत.

रेघारेघा

यादी आली की तो १६९ ओळींचा तक्ता इथे टाकते. कनेटिकटमध्ये अजून कुणी यावर काम करत असेल तर व्यनि करा.