'अनलेस' म्हणजे डोळे झाकून 'इफ नॉट'?

तापीकाठ: एका मास्तरांची इंग्रजी व्याकरणाची पोस्ट फिरतेय. 'अनलेस म्हणजे इफ नॉट, दहावीला डोळे झाकून बदला, मार्क पक्का.' डोळे झाकल्यानेच पोरं फसतात. 'आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझंट कम', म्हणजे तो आला नाही तर मला नवल वाटेल. इथे 'इफ नॉट'च्या जागी अनलेस घालून बघा, वाक्यच बिघडतं. अनलेस अपवाद सांगतो: गोष्ट ठरलेली आहे, एवढं एक झालं तरच मोडेल. या वाक्यात त्याचं न येणं हे नवलाचं कारण आहे, अपवाद नाही.

धडगाव मास्तर: ती पोस्ट माझीच. माझ्या पोरांच्या घरी पावरी बोली, शाळेत मराठी, इंग्रजी तिसरी. 'जोपर्यंत करत नाही'मधला 'नाही' उचलून ती 'अनलेस यू डोन्ट वर्क' लिहितात, नकार दोनदा होतो. ते सूत्रानेच सुटतं. शहरात बसून कारण-अपवाद सांगणं सोपं आहे.

रावेरचा केळीवाला: तुम्ही काय मार्कांचं बोलून राहिले? वादळात माझी निसवलेली बाग आडवी झाली. विम्याचा कागद इंग्रजीत, त्यात ही अनलेसची अट: वेळेत कळवल्याशिवाय दावा नाही. एजंट म्हणे, कळवलं तर कळवलं, नाही तर चालतं. दावा गेला. अट मराठीत का नाही छापत?

अमळनेर वकील: अपवादाचं बरोबर आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 12 मध्येही 'संदर्भाने वेगळा अर्थ लागत नसेल तर' हे अनलेसनेच लिहिलंय. पण भाऊ, गारपीट आणि वेगाच्या वाऱ्याचं नुकसान 72 तासांत कळवावंच लागतं. तापमानाची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, ती वेगळी.

रावेरचा केळीवाला: साहेब, खांब पडलेले, वीज नाही, मोबाइल बंद. बांधावर उभं राहून 72 तास मोजून दाखवा!

धडगाव मास्तर: विषय अनलेसचा होता.

रावेरचा केळीवाला: मग मी कशाचं बोलतोय? त्याच शब्दाने माझं वर्ष गेलं!

तापीकाठ: मास्तर, हीच पोरं उद्या असे कागद वाचतील. सूत्र ठेवा, पण ते नवलाचं वाक्य फळ्यावर लिहा.

धडगाव मास्तर: लिहीन एकदा. परीक्षेत येणार नाही, तरी लिहीन. सूत्र मात्र सोडणार नाही.

रावेरचा केळीवाला: वकीलसाहेब, पुढच्या वेळी कळवायचं कुठे? बँकेत चालतं?

अमळनेर वकील: बँक, कंपनी, कृषी कार्यालय, कुठेही. पोच घेतल्याशिवाय उठू नका.