बोईसरला घर घ्यावं का? तारापूरच्या अणुभट्ट्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. धागा थोडा लांब आहे, पण जाणकारांनी आणि विशेषतः पालघर-डहाणूकडच्या मंडळींनी वेळ काढून वाचावा ही विनंती.

आम्ही मिरजेचे. यजमानांची बदली बोईसरच्या एमआयडीसीत झाली आहे. मुलगी पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. स्टेशनजवळ एक फ्लॅट आवडलाय, पंधरा दिवसांत टोकन द्यायचं आहे. पण सासूबाई म्हणतात, अणुभट्टीच्या शेजारी नातवंडं वाढवायची नाहीत. २०११ च्या मार्चमध्ये टीव्हीवर पाहिलेलं फुकुशिमा त्या विसरलेल्या नाहीत. "काही होत नाही हो" म्हणून मला त्यांना गप्प करायचं नाही. खरं उत्तर मलाही हवं आहे.

मला समजलं ते असं. तारापूरला चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन १९६९ मध्ये सुरू झाल्या. अमेरिकन कंपनीने बांधलेल्या आणि देशातल्या सगळ्यांत जुन्या. तिसरी आणि चौथी आपल्याच लोकांनी बांधलेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. जुन्या दोन्ही २०२० मध्ये बंद करून त्यांचे पाइप बदलायचं काम काढलं, म्हणजे त्या मोडीत काढायच्या नसून पुढे चालवायच्या आहेत. पन्नाशी उलटलेल्या भट्टीचं आयुष्य असं वाढवणं बरोबर आहे का? फुकुशिमाची पहिली भट्टी याच जातीची, उकळत्या पाण्याची, आणि ती तर १९७१ ची होती.

दुसरी काळजी भूकंपाची. डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. घरांना तडे गेले, माणसं थंडीत तंबूत झोपली. तिथून तारापूरचं अणुवीज केंद्र पस्तीसेक किलोमीटरवर.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त छळतेय. काही झालंच तर आम्ही काय करायचं? केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा परिसर आणीबाणीच्या नियोजनात धरतात असं वाचलं. बोईसर त्याच्या आत येतं. फ्लॅट बघायला गेले तेव्हा त्याच इमारतीतल्या दोघींना विचारलं. दहा-बारा वर्षं राहताहेत, पण कुठल्या रस्त्याने निघायचं, किरणोत्सारापासून बचावाच्या आयोडीनच्या गोळ्या कोण देणार, दोघींनाही माहीत नव्हतं. कुणी सांगेल का?

सातपाटीचा वारा

ताई, मी या क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो. मुलं माझी इथेच वाढली. तरी तुमच्या सासूबाईंची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

फुकुशिमात भूकंपाने भट्ट्या फुटल्या असं लोकांना वाटतं. तसं झालं नाही. धक्का बसताच चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या. पण अणुभट्टी म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, बटण बंद केलं की विझली. बंद केल्या क्षणीही इंधनातून पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत राहते, एका दिवसाने ती एक टक्क्याच्या खाली येते. तोवर आणि त्यानंतरही पाणी फिरतं राहायला हवं. तिथे सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पंप थांबले आणि इंधन वितळलं. म्हणून भट्टी जुनी की नवी याच्या आधी मी एक प्रश्न विचारतो. बाहेरची वीज गेली, जनित्रंही गेली, तर पाणी कसं पोचवणार?

आपल्याकडे हा प्रसंग येऊन गेलाय. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशात नरोराला टर्बाइनच्या इमारतीत आग लागली आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना होतं. माणसांनी अंधारात जाऊन आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी चढवलं, भट्टी वाचली. २००४ च्या सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या अणुकेंद्रात समुद्राचं पाणी पंपघरात शिरलं, चालू असलेली भट्टी सुखरूप बंद केली. या दोन्ही गोष्टींनी मला धीरही येतो आणि धास्तीही वाटते.

दीर्घकाळ बंद असलेल्या भट्टीत उष्णता फार कमी उरते, त्यामुळे तशा भट्टीची धास्ती त्या मानाने कमी. वापरलेलं इंधन मात्र पाण्याच्या टाकीत असतं आणि त्यावर पाणी राखावंच लागतं. आयुष्य वाढवायचं तर तपासण्यांचे निकाल गावाला मराठीत कळले पाहिजेत. पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी घरं सोडली आहेत, त्यांचा तेवढा हक्क आहेच.

एक अजून. बोईसरला राहाल तर रासायनिक कारखान्यांकडेही लक्ष ठेवा. स्फोट आणि वायुगळती इथे ऐकिवातली गोष्ट नाही. फ्लॅट घेताना शेजारी कोणते कारखाने आहेत ते आधी बघा.

निळी शाई

लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून फक्त गोळ्यांबद्दल लिहिते. पोटॅशियम आयोडाइड फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतं, बाकी कशापासून नाही. ते संपर्काच्या थोडं आधी किंवा लगेच नंतर घ्यावं लागतं. प्रशासनाने सांगितल्याशिवाय मुलांना देऊ नका. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला, त्याचं मोठं कारण दूषित दूध होतं. सूचना आली की दारं-खिडक्या बंद करून घरात थांबायचं, ताजं दूध आणि पालेभाजी टाळायची, पाणी झाकून ठेवायचं. निघा म्हटलं की मगच निघायचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमचा पाण्याचा प्रश्न सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे आधी कुणी असं सांगितलंच नाही."

केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज करायचं ठरवलंय. त्या वेळी देशाची क्षमता ८,१८० मेगावॅट होती. म्हणजे अशी गावं आता वाढतच जाणार. मी विजेच्या विरोधात नाही, मिरजेत भारनियमनात अभ्यास केलाय.

टोकन सध्या थांबवलंय. सोमवारी पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन बोईसरसाठीचा आराखडा मागणार आहे. गोळ्यांचा साठा कुठे, कोणत्या शाळेत जमायचं, बस कुठून सुटणार, एवढं विचारायचं डोक्यात आहे. अजून काय विचारू? आणि अलीकडे गावात आणीबाणीचा सराव झाला असेल तर त्या दिवशी भोंगा बोईसरपर्यंत ऐकू आला होता का, हे कुणी सांगू शकेल?