मदत हवी आहे: जुन्या बल्क कॅरिअरवर ३२ लाइनचं टेलिफोन एक्स्चेंज, आवाज आणि अडकणाऱ्या लाइन

कोकणीईटीओ
नमस्कार मंडळी. जहाज जपानी बांधणीचं बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं), लांबी १९० मीटर, सध्या ड्राय डॉकमध्ये. जुन्या एक्स्चेंजची कार्डं आता मिळत नाहीत, म्हणून ४ बाहेरच्या लाइन आणि ३२ एक्स्टेंशनचं नवं ॲनालॉग एक्स्चेंज आणलंय. फोन एकूण २७. केबल जुनीच ठेवायची आहे: टीटीवायसीएस (जहाजावरची पिळलेल्या जोड्यांची, शील्डवाली टेलिफोन केबल), ०.७५ चौरस मिमी. एक्स्चेंज ब्रिजमागच्या इलेक्ट्रिक लॉकरमध्ये चढवलं, केबिनचे सगळे फोन लागले. अडलंय ते असं:

१) फोकसल (नाळेकडचा डेक), बोसन स्टोअर (तिथलंच डेकच्या सामानाचं कोठार) आणि गँगवे (चढ-उताराची शिडी) या तीन लाइनवर घूंऽऽ असा सततचा आवाज. त्यात फोकसलचा फोन अर्धी रिंग वाजून गप्प होतो आणि एक्स्चेंज समजतं की कुणी उचलला.
२) २४ व्होल्टचा बॅकअप जोडला की २४ व्होल्ट पॅनेलवरच्या अर्थच्या (वीज जहाजाच्या लोखंडात गळतेय का ते दाखवणाऱ्या) दोन दिव्यांपैकी एक जवळजवळ विझतो.
३) सॅटेलाइट टर्मिनलवरून बोलणं झाल्यावर समोरच्याने ठेवलं तरी आपली लाइन अडकून राहते.
४) इंजिन रूममध्ये रिंग ऐकू येत नाही.
५) मागच्या बाजूला जोड्या कमी पडतायत. ब्रिज ते स्टीअरिंग गिअर रूम (सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राची खोली) असा हँडल फिरवायचा, बॅटरीशिवाय चालणारा फोन आहे. तो काढून त्याची जोडी एक्स्चेंजला घेतली तर चालेल का? स्टीअरिंगला एक्स्चेंजचा फोन मिळणारच आहे.

ओहमबाबा
पाचव्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे चार प्रश्न दुरुस्तीचे आहेत, हा नाही. तो फोन काढू नका.

सोलास (जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या प्रकरण २-१ मधला नियम २९ ब्रिज आणि स्टीअरिंग गिअर रूम यांच्यात संपर्काचं साधन मागतो. नियम ३७ ब्रिज आणि इंजिन यांच्यात किमान दोन स्वतंत्र साधनं मागतो, त्यातलं एक टेलिग्राफ (इंजिनाला वेगाचे हुकूम देणारं यंत्र). तुमच्या जहाजाच्या मंजूर ड्रॉइंगमध्ये स्टीअरिंगचं साधन म्हणून बहुधा हाच हँडलवाला फोन दाखवलेला असणार. त्यात बोलण्याच्या जोरावर पडदा हलतो, त्यातूनच वीज तयार होते, आणि घंटीला हँडलचा मॅग्नेटो. ब्लॅकआउट झाला, एक्स्चेंज जळलं, लॉकरमध्ये पाणी शिरलं, तरी तो चालतो. स्टीअरिंग हातावर घ्यायची वेळ नेमकी अशाच दिवशी येते. एक्स्चेंजचा फोन तिथे जरूर द्या, पण जास्तीचा म्हणून. त्या लाइनला हात लावायचाच असेल तर आधी कंपनीचा सुपरिटेंडंट आणि क्लास सर्व्हेअर (जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस) यांच्याशी बोला.

जोड्या कमी आहेत तर नवी चार जोडीची केबल ओढा. डॉकमध्ये असताना ते सोपं आहे. बल्कहेडमधून (जहाजाच्या आतल्या भिंतीतून) नेताना ट्रान्झिटचे (केबल जायच्या भोकाचे) ब्लॉक परत नीट भरा, ए-६० म्हणजे आगरोधक भिंतीला उघडं भोक राहिलं तर सर्व्हेअर तिथेच थांबेल.

आता एक सांगा, एमडीएफवर (सगळ्या लाइन एकत्र येतात त्या जोडणीच्या पेटीत) जुनी केबल कशावर बसवलीय?

कोकणीईटीओ
ठेकेदाराने क्रोनची पट्टी (तार पात्यात ठोकून बसवायची) लावलीय, टूलने ठोकून.

ओहमबाबा
तिथेच अर्धं दुखणं. क्रोनचं पातं एकसंध तारेसाठी असतं, साधारण ०.४ ते ०.८ मिमी व्यासाच्या. तुमच्या केबलमध्ये ०.३७ मिमीच्या ७ बारीक तारा पिळलेल्या आहेत. ठोकताना त्या पसरतात, दोन-तीन पात्यात अडकतात, उरलेल्या बाहेर. पहिल्या दिवशी लागतं, मग इंजिनाच्या थरथरीने ढिलं होतं आणि कुरकुर सुरू होते. जहाजाची केबल जिथे येते तिथे स्क्रूचं टर्मिनल घ्या, प्रत्येक तारेच्या टोकाला पिन लग (धातूची टोपी) दाबा. क्रोन ठेवायचीच तर फक्त एक्स्चेंजच्या बाजूला, जंपर एकसंध तारेचा.

हे झालं की घूंऽऽ शोधू. क्रम असा:

आधी लूपचा ओहम. फोकसलच्या फोनजवळ दोन तारा एकमेकींना जोडा आणि एमडीएफवर मीटर लावा. ०.७५ चौरस मिमी तांब्याला किलोमीटरला साधारण २४ ओहम, म्हणजे २०० मीटर जाऊन-येऊन साडेनऊ-दहा ओहम यायला हवेत. ३० किंवा ४० आले तर मध्ये कुठेतरी गंजलेला जोड आहे. जहाजावर अंतर कधीच अडचण नसतं, जोड असतात.

मग मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासणारा मीटर). आधी दोन्ही टोकं सोडवा, फोनही आणि एक्स्चेंजचं कार्डही. जोडलेल्या कार्डावर मेगर मारला तर कार्ड गेलंच. २५० व्होल्टवर तारेला तार, पहिली तार ते हल (जहाजाचा लोखंडी सांगाडा), दुसरी तार ते हल असे तीन आकडे घ्या. कोरडी केबल दहा मेगओहमच्या वरच बोलते. एक मेगओहमच्या खाली आलं की पाणी.

घूं का येतो तेही सांगतो, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. फोनच्या दोन्ही तारांत जहाजाचा ६० हर्ट्झ सारखाच शिरतो, आणि सारखा असतो तोवर फोनमध्ये ऐकू येत नाही. एक तार हलला गळायला लागली की तोल जातो, आणि जो फरक उरतो तोच तुम्ही ऐकता. त्यामुळे आवाज कमी करायला फोन बदलून, फिल्टर लावून काही होत नाही. शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) फक्त एमडीएफच्या टोकाला अर्थ करा, दुसऱ्या टोकाला कापून टेप मारा. दोन्हीकडे जोडली तर हलमधला प्रवाह शील्डमधून फिरायला लागतो.

बॉयलरसूट
अर्धी रिंग वाजून गप्प होण्याबद्दल. डेकच्या लाइनवर कुणी सर्ज प्रोटेक्टर लावलेत का? त्यातल्या गॅस ट्यूबवर (ठरावीक व्होल्टच्या वर गेलं की वीज अर्थला सोडणारी नळी) आकडा काय आहे तो वाचा.

कोकणीईटीओ
हो, तिन्ही लाइनवर. ९० व्होल्ट लिहिलंय. आणि मोजमाप: फोकसल लूप ३४ ओहम, एक तार हलला ४० किलोओहम, दुसरी ६ मेगओहम.

बॉयलरसूट
मग दोन कारणं एकत्र आहेत. रिंग ७५ व्होल्ट, पण ते आरएमएस, म्हणजे एसीचा सरासरी धरलेला आकडा. शिखर १०६, त्यात लाइनवरचे ४८ डीसी मिळवा, १५४ झाले. ९० ची ट्यूब प्रत्येक रिंगला पेटणार, प्रवाह अर्थला जाणार आणि एक्स्चेंजला वाटणार हँडसेट उचलला. २३० व्होल्टची ट्यूब लावा.

४० किलोओहमला मात्र फोकसलच्या जंक्शन बॉक्सकडे चला. झाकणाचं गॅस्केट, खालचा ग्लँड (केबल आत घ्यायचं पाणबंद तोंड), आणि वरून आलेली केबल. केबल वरून बॉक्समध्ये शिरत असेल तर पाणी तिच्या अंगावरून सरळ आत जातं. केबल खालून घ्या किंवा खाली लोंबता वळसा देऊन वर आणा.

ओहमबाबा
दुसरा प्रश्न. जहाजाची २४ व्होल्ट वाटणी हलपासून अलग असते, दोन दिवे त्यासाठीच. एक्स्चेंजमध्ये मात्र ४८ व्होल्टची धन बाजू अर्थला बांधलेली असते. तुमच्याकडे २४ चे ४८ करणारा स्वस्तातला कन्व्हर्टर असणार, ज्यात आत-बाहेरची एक तार सामाईक असते. त्यामुळे एक्स्चेंजचा अर्थ थेट २४ व्होल्टच्या वाटणीत गेला आणि दिवा खोटं बोलत नाहीये. इनपुट-आउटपुट अलग असलेला कन्व्हर्टर घ्या. एक्स्चेंजचा अर्थ कापून दिवा बरोबर करायच्या फंदात पडू नका, सगळ्याच लाइन घूं करायला लागतील.

क्षमता: एक्स्चेंज आणि चालू फोन मिळून ६० वॉट धरले तर २४ वर अडीच अँपिअर, कन्व्हर्टरचा तोटा धरून ३. फ्यूज ६ चा ठेवा. आणि हा फीडर जीएमडीएसएसच्या (संकटात मदत मागायच्या रेडिओ यंत्रणेच्या) रेडिओ बॅटरीवरून अजिबात घेऊ नका. २४ व्होल्टचा सामान्य आपत्कालीन फीडर वेगळा असतो.

पॅराबोला
सॅटेलाइटवर मी सांगतो. टर्मिनलचा ॲनालॉग पोर्ट फोनसाठी असतो, म्हणजे तोच ४८ व्होल्ट आणि रिंग देतो. तो एक्स्चेंजच्या बाहेरच्या लाइनच्या पोर्टला जातो, एक्स्टेंशनला नाही. हे बरोबर आहे असं धरतो.

अडकण्याचं कारण टोन. समोरच्याने ठेवल्यावर टर्मिनल फक्त बिझी टोन देतं आणि तो ओळखून एक्स्चेंजने लाइन सोडायची असते. एक्स्चेंजमध्ये देश भारत निवडला असेल तर ते ४०० हर्ट्झ आणि ०.७५ सेकंद चालू, ०.७५ बंद असं शोधतं. टर्मिनल युरोपी धाटणीचं असलं की ४२५ हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. अमेरिकी धाटणीत ४८० आणि ६२० एकत्र. एक साधा फोन थेट टर्मिनलला लावा, कॉल करून समोरच्याला ठेवायला सांगा आणि टोन मोबाइलवर रेकॉर्ड करा. वारंवारता दाखवणारं कुठलंही ॲप आकडा देतं. तोच एक्स्चेंजच्या टोन टेबलमध्ये भरा. ‘पोलॅरिटी रिव्हर्सल’ (कॉल लागल्याची खूण म्हणून लाइनचे धन-ऋण उलटणं) टर्मिनल देत नसेल तर ते बंद ठेवा, नाहीतर कॉल लागलाच नाही असं एक्स्चेंज धरून बसेल.

खबरदारी म्हणून त्या पोर्टवर कमाल कॉल वेळ ठेवा, १५ मिनिटं वगैरे. लाइन रात्रभर अडकली तर बिल कोणाच्या नावावर टाकायचं यावर जो वाद होतो तो टळेल. केबिनच्या फोनना बाहेरच्या लाइनची परवानगीच देऊ नका, पिन टाकूनच जाऊ द्या.

डायलिंगमध्ये शेवटी # हवा: ००, देशाचा क्रमांक, नंबर, #. तो आला नाही तर नंबर संपला की नाही हे बघत टर्मिनल काही सेकंद थांबतं आणि लोक ‘लाइन मेली’ म्हणत पुन्हा फिरवतात. रूटिंगमध्ये # आपोआप जोडायची सोय असेल तर वापरा. स्वतःचाच आवाज परत येत असेल तर पोर्टचा इम्पिडन्स ६०० ओहमवर आणा आणि पाठवण्याची पातळी ३ डीबी कमी करा. भूस्थिर उपग्रहावर एका बाजूला पाव सेकंद लागतो, तो उशीर काही जाणार नाही.

बॉयलरसूट
चौथा. इंजिन रूममध्ये १०० डीबीच्या वर आवाज, तिथे फोनची बेल म्हणजे शोभेची. त्या एक्स्टेंशनच्या जोडीला समांतर रिंग रिले लावा. त्याच्या संपर्कावरून थेट हॉर्न चालवू नका, मध्ये २२० व्होल्टचा ऑक्झिलरी रिले घ्या. त्यावर फिरता दिवा आणि हॉर्न, दोन्ही.

सगळे इथे टायमर विसरतात. भारतीय रिंग ०.४ वाजते, ०.२ थांबते, ०.४ वाजते, २ सेकंद गप्प. युरोपी रिंग १ वाजते आणि ४ गप्प. रिलेही तसाच उडतो, दिवा अर्धी फेरी फिरून थांबतो आणि दूर उभ्या माणसाला दिसतच नाही. दिव्याला ऑफ-डिले टायमर (रिंग थांबल्यावरही काही सेकंद चालू ठेवणारा) लावा, भारतीय रिंगला ३ सेकंद, युरोपीला ५. हॉर्नला टायमर नको, तो रिंगच्या तालावरच राहू दे, म्हणजे अलार्मपासून वेगळा ओळखू येतो. दिव्याचा रंगही इंजिन अलार्मच्या दिव्यांहून वेगळा घ्या.

एकाच लाइनवर समांतर फोन आणि रिले मिळून दोन-तीनच ठेवा. त्यापुढे रिंग कमजोर पडते आणि पहिला बळी हा रिलेच असतो. फोन आवाज रोखणाऱ्या बूथमध्ये आणि हेडसेटचा.

कोकणीईटीओ
अहवाल देतो. फोकसलचा बॉक्स उघडला: वरून केबल, खाली बोटभर खारं पाणी, टर्मिनल हिरवे. नवा बॉक्स, खालून ग्लँड, २३० च्या ट्यूब, एमडीएफवर स्क्रू टर्मिनल. लूप आता १० ओहम, दोन्ही तारा २० मेगओहमच्या वर, घूं गेला. गँगवेचा आवाज मात्र थोडा आहे, पण सततचा नाही. डॉकच्या ऑफिसशी एमएफ रेडिओची चाचणी करताना त्यात माणसाचं बोलणं तुटक ऐकू येतं. टोनही मोजला: ४२५, अर्धा-अर्धा. भरल्यावर लाइन सुटते. अलग कन्व्हर्टर मागवलाय. स्टीअरिंगचा फोन जागेवरच.

शेवटचं: एक्स्टेंशनवरून कोड फिरवून पीएवर (जहाजभरच्या स्पीकरवर) घोषणा करायची सोय कॅप्टनना हवी आहे. जोडू का?

ओहमबाबा
रेडिओचं बोलणं म्हणजे फोन स्वतःच डिटेक्टर झालाय. फोनच्या दोरीला आणि लाइनला टोकाशी फेराइटचा मणी, दोन-तीन वेढे. अँटेना ट्यूनरची फीड वायर त्या केबलच्या ट्रेजवळून गेली असेल तर ट्रेच बदला.

पीए जोडा, पण एक्स्चेंज पीएच्या सगळ्यात खालच्या प्राधान्याच्या इनपुटला. जनरल अलार्म किंवा ब्रिजचा मायक्रोफोन सुरू झाला की एक्स्चेंजचं इनपुट आपोआप कापलं गेलं पाहिजे, हे स्वतः वाजवून बघा. एलएसए कोड (जीवरक्षक साधनांची आंतरराष्ट्रीय नियमावली) अनधिकृत वापरापासून संरक्षण मागतो, म्हणून कोडची परवानगी फक्त ब्रिज, ईसीआर (इंजिन कंट्रोल रूम), कॅप्टन आणि चीफ इंजिनिअरला. घोषणा ३० सेकंदांत आपोआप तुटेल असं ठेवा, हँडसेट नीट न ठेवल्याने अख्खं मेस ऐकत बसेल नाहीतर. कॅप्टनच्या केबिनच्या स्पीकरची पातळी कमी ठेवा, त्यांच्याच फोनवरून बोलताना शिट्टी मारेल.

ब्रिजवर कन्सोलचा फोन बसवताना हँडसेटमध्ये चुंबक असतो हे लक्षात घ्या, चुंबकीय होकायंत्रापासूनचं सुरक्षित अंतर फोनवर लिहिलेलं असतं. ब्रिज, ईसीआर आणि हॉस्पिटलच्या एक्स्टेंशनचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ बंद करा, ब्रिज आणि ईसीआरला मध्ये शिरून बोलायची सोय द्या. एक्स्टेंशन क्रमांक ० किंवा ९ ने सुरू करू नका, त्यावर बाहेरची लाइन असते.

पॅराबोला
आणि सगळं जुळलं की एक्स्चेंजचा मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. क्रमांक, पिन, टोन टेबल टिकलं तर आतला सेल ठीक. सेटिंग पेनड्राइव्हवर घ्या, एक्स्टेंशनची यादी छापून एमडीएफच्या झाकणाच्या आत चिकटवा.