मायनर लीगच्या बेसबॉल मैदानावर क्रिकेटची स्पर्धा भरवता येईल का?

पर्वतीपायथा यांचा प्रश्न

नमस्कार. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. आमच्या शहरात ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या बेसबॉल संघाचे मैदान आहे. आमच्या मराठी मंडळाची टेनिस चेंडूची क्रिकेट स्पर्धा दरवर्षी नगरपालिकेच्या उद्यानातील सॉकरच्या मैदानावर होते. तिथे सावली नाही, बसायला जागा नाही आणि स्वच्छतागृह पार दुसऱ्या टोकाला आहे. भारतातून आलेले आईवडील तासाभरात गाडीत जाऊन बसतात, असा नेहमीचा अनुभव असल्यामुळे यंदा कार्यकारिणीत कल्पना निघाली की, बेसबॉलचा हंगाम संपल्यावर एखाद्या रविवारी ते मैदानच भाड्याने घ्यावे.

या कल्पनेमागे एक कारण आहे. जून २०२४ मध्ये आम्ही सात-आठ जण टेक्ससमधील ग्रँड प्रेअरी येथे ट्वेंटी-२० विश्वचषकातील अमेरिका विरुद्ध पाकिस्तान हा सामना पाहण्यासाठी गेलो होतो. ते मैदान पूर्वी बेसबॉलचे होते असे तिथेच समजले, आणि तेव्हापासून आमच्यातील प्रत्येक जण म्हणतो, ‘तिथे जमते, तर आपल्याकडे का जमू नये?’

मला तीन-चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बेसबॉलचे मैदान पंख्याच्या आकाराचे असते, मग त्यात खेळपट्टी कुठे टाकावी? मधोमध जे मातीचे टेकाड असते, ज्यावरून पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, चेंडू फेकतो, त्याचे काय करावे? आणि अशा मैदानांवर बेसबॉलखेरीज इतर खेळ प्रत्यक्षात कितपत खेळले जातात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

डॅलसकर यांचे उत्तर

आपण ज्या मैदानाचा दाखला दिला आहे, त्याचा इतिहास आधी पाहिला तर निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतील. ग्रँड प्रेअरीचे मैदान २००८ मध्ये एअरहॉग्ज या संघासाठी खुले झाले. काटेकोरपणे बोलायचे तर तो संघ मायनर लीगचा नव्हता. मायनर लीगचे संघ मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, एखाद्या संघाशी करारबद्ध असतात, आणि २०२१ च्या फेररचनेनंतर असे १२० संघ उरले आहेत. एअरहॉग्ज मात्र अमेरिकन असोसिएशन या स्वतंत्र लीगमध्ये खेळत असे, आणि २०११ मध्ये त्याने तिचे विजेतेपदही मिळवले होते. बोलीभाषेत या सगळ्यांनाच लोक मायनर लीग म्हणतात, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ.

महत्त्वाची गोष्ट अशी की, २०२० मध्ये तो संघ तिथून गेला. क्रिकेटवाल्यांनी शहराकडून मैदान भाडेपट्ट्याने घेतले आणि त्याची बेसबॉलची ओळखच पुसून टाकली. इनफिल्डची, म्हणजे चार बेसच्या आसपासच्या आतल्या भागाची, माती गेली, टेकाड गेले, कुंपण हलवले गेले, मधोमध हिरवळीच्या खेळपट्ट्यांचा चौक तयार झाला आणि १३ जुलै २०२३ रोजी टेक्सस सुपर किंग्ज विरुद्ध लॉस एंजेलिस नाइट रायडर्स या लढतीने मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतील ट्वेंटी-२० स्पर्धेची सुरुवात तिथे झाली. त्याच महिनाअखेरच्या अंतिम सामन्यात निकोलस पूरनने ५५ चेंडूंत नाबाद १३७ धावा केल्या. पुढच्या वर्षी विश्वचषकाच्या सलामीला अमेरिकेच्या आरन जोन्सने कॅनडाविरुद्ध ४० चेंडूंत नाबाद ९४ धावा करताना १० षटकार मारले, तेही याच जागी.

म्हणजे, आपण जे पाहिले ते बेसबॉलच्या मैदानावरचे क्रिकेट नव्हते. बेसबॉल कायमचे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या वास्तूत वसवलेले ते क्रिकेटचे मैदान होते. आपल्या शहरातील मैदानावर मात्र एप्रिलमध्ये पुन्हा बेसबॉल सुरू होणार आहे, आणि तिथला मैदानप्रमुख ही गोष्ट आपल्याला एक क्षणही विसरू देणार नाही.

जाता जाता एक अवांतर. आपण पाहिलेल्या पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात सुपर ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा. २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला होता, आणि तिथे भारताला उपांत्यपूर्व फेरीत हरवणारा संघ पाकिस्तानचाच होता. चौदा वर्षांनी त्याने तो हिशेब टेक्ससमधील एका जुन्या बेसबॉल मैदानावर चुकता केला. अमेरिकेच्या १८ धावांना उत्तर देताना पाकिस्तान १३ वर थांबला तेव्हा माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ, जे दिवसभर इंग्रजीतच बोलत होते, अचानक ‘अरे जिंकलो की रे!’ असे ओरडले. ते मूळचे सांगलीचे निघाले.

भूमितीचे मास्तर यांचे उत्तर

आपला पहिला प्रश्न माझ्या आवडीचा असल्यामुळे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मायनर लीगच्या चांगल्या मैदानात होम प्लेटपासून (जिथे फलंदाज उभा राहतो, ते पंख्याचे टोक) दोन्ही फाउल रेषांवरचे (पंख्याच्या दोन सरळ कडांवरचे) कुंपण साधारण ३३० फुटांवर, म्हणजे १०० मीटरवर असते, आणि मध्यभागी ते सुमारे ४०० फुटांवर, म्हणजे १२२ मीटरवर असते. दोन्ही फाउल रेषांमध्ये काटकोन असतो. या पंख्यात बसणारे सर्वांत मोठे वर्तुळ काढले, तर त्याची त्रिज्या ५० मीटरच्या किंचित वर येते आणि त्याचा मध्य होम प्लेटपासून सुमारे ७१ मीटरवर पडतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पुरुषांच्या सामन्यासाठी सीमारेषा किमान ६५ यार्ड, म्हणजे साधारण ५९ मीटर असावी लागते, त्यामुळे लेदर चेंडूच्या गंभीर सामन्याला ही जागा अपुरी आहे. टेनिस चेंडूला मात्र ५० मीटरची सीमा पुष्कळ झाली. आपल्यापैकी बहुतेकांचे षटकार चाळिशीनंतर तेवढेही जात नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

या आकडेमोडीतून एक सुखद गोष्ट हाती लागली. दुसरा बेस होम प्लेटपासून सुमारे ३९ मीटरवर असतो, आणि इनफिल्डची माती मध्यरेषेवर सुमारे ४७ मीटरवर संपते. आपली खेळपट्टी ७१ मीटरच्या आसपास येत असल्यामुळे ती संपूर्णपणे आउटफिल्डच्या, म्हणजे इनफिल्डपलीकडच्या, हिरवळीवर बसते. आता टेकाडाचे पाहा. पिचरची पट्टी होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असते, आणि टेकाडाचा मागचा काठ २१ मीटरच्या थोडा अलीकडे संपतो. आपल्या वर्तुळाची होम प्लेटकडची कडाही नेमकी २१ मीटरवरच येते. म्हणजे ज्या टेकाडाची आपल्याला धास्ती वाटते, ते सीमारेषेच्या बाहेर, अगदी काठाला लागून राहते. त्याला हात लावण्याचीही गरज नाही. त्यावर ताडपत्री घालून ठेवावी आणि क्षेत्ररक्षकांना धावत मागे जाऊ नका असे बजावावे. दुसऱ्या बेसभोवतीची माती तेवढी खेळाच्या हद्दीत येईल, आणि तिथे चेंडू हिरवळीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने उसळेल, याची सूचना दोन्ही संघांना आधी द्यावी.

दिशेचाही विचार करावा. बेसबॉलच्या नियमावलीत अशी शिफारस आहे की, होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, जेणेकरून मावळतीचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये. आपण खेळपट्टी या रेषेला आडवी टाकली, तर ती आपोआप जवळजवळ उत्तर-दक्षिण होते, आणि क्रिकेटला तीच दिशा सोयीची. मात्र सगळीच मैदाने ही शिफारस पाळतात असे नाही, त्यामुळे आपल्या मैदानाचा नकाशा आधी पाहून घ्यावा.

दोष एकच. मुख्य प्रेक्षागृह होम प्लेटच्या मागे असते आणि आपली खेळपट्टी तिथून सत्तर-ऐंशी मीटर पुढे जाते. आईवडिलांना सावली मिळेल, पण कोण फलंदाजी करतो आहे हे ओळखण्यासाठी दुर्बीण द्यावी लागेल.

लुइव्हिलचा पाहुणा यांचे उत्तर

इतर खेळांविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. मी केंटकीतील लुइव्हिल शहरात काही वर्षे होतो. तिथल्या मायनर लीगच्या मैदानावर, लुइव्हिल स्लगर फील्डवर, लुइव्हिल सिटी या सॉकर संघाने २०१५ ते २०१९ अशी पाच वर्षे आपले घरचे सामने खेळले. २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे यूएसएलचा (युनायटेड सॉकर लीगचा) अंतिम सामना याच मैदानावर झाला आणि दोन्ही वेळा यजमान १-० ने जिंकले. २०१८ च्या सामन्यात समोर फिनिक्स रायझिंगचा संघ होता आणि त्यात दिदिए द्रोग्बा होता. चेल्सीला युरोपचा चषक मिळवून देणाऱ्या या खेळाडूची व्यावसायिक कारकीर्द केंटकीतील एका बेसबॉल मैदानावर संपली, हे आजही अनेकांना खरे वाटत नाही.

सॉकर हा या मैदानांवरचा सर्वांत रुळलेला पाहुणा आहे. आल्बुकर्की, एल पासो आणि टल्सा या शहरांतही मायनर लीगच्या मैदानांवर यूएसएलचे संघ खेळत आले आहेत. याचे कारण मास्तरांनी काढलेल्या आकृतीतच आहे. आयत हे पंख्यात वर्तुळापेक्षा सहज बसते, विशेषतः एक बाजू फाउल रेषेला समांतर ठेवली तर. परंतु तिथे टेकाड आड येते. ते प्रत्येक वेळी सपाट करावे लागते किंवा काही ठिकाणी यांत्रिक सोय करून खाली बसवले जाते, आणि इनफिल्डच्या मातीवर हिरवळीचे तयार पट्टे अंथरावे लागतात. हे पट्टे नीट मुरलेले नसले की खेळाडू घसरतात, आणि दोन दिवसांनी ते काढल्यावर बेसबॉलवाले मातीच्या उंचसखलपणाची तक्रार करतात.

खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. ट्रिपल-ए संघाचे हंगामात १५० सामने होतात आणि त्यांपैकी ७५ घरी असतात. अलीकडे मंगळवार ते रविवार अशी सहा सामन्यांची सलग मालिका असते आणि सोमवार मोकळा ठेवला जातो. त्यामुळे संघ गावात असेल त्या आठवड्यात पाहुण्यांना जागाच उरत नाही. लुइव्हिल सिटीने २०२० मध्ये स्वतःचे मैदान बांधून जागा बदलली, त्यामागे हीच दगदग मुख्य होती असे माझे मत आहे. आपण हंगामानंतरचा दिवस निवडत आहात, हे उत्तम.

पर्वतीपायथा यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मास्तरांची आकृती मी कार्यकारिणीच्या बैठकीत फळ्यावर काढून दाखवली, आणि टेकाड सीमेबाहेर राहते हे कळल्यावर विरोध करणारे दोघेही गप्प झाले.

दरम्यान मी मैदानाच्या कार्यालयात जाऊन आलो. मैदान देण्यास त्यांची तत्त्वतः हरकत नाही. विमा, सुरक्षारक्षक आणि हिरवळीच्या नुकसानीपोटी अनामत रक्कम, या अटी अपेक्षित होत्या. खिळ्यांचे बूट चालणार नाहीत, रोलर फिरवता येणार नाही आणि जमिनीत काहीही ठोकता येणार नाही, हेही समजण्यासारखे आहे. खरा पेच खाण्यापिण्याचा निघाला. मैदानावरील खाद्यविक्रीचा ठेका एका कंपनीकडे आहे, आणि करारानुसार बाहेरचा शिजवलेला पदार्थ आत आणता येत नाही. आमच्या स्पर्धेचा निम्मा खर्च मंडळाच्या वडापावच्या आणि मिसळीच्या विक्रीतून निघतो. मैदान मिळाले आणि वडापाव गेला, तर हिशेब जुळणार नाही. शिवाय खेळपट्टी म्हणून नेमके काय अंथरावे, हा प्रश्न राहिलाच आहे.

घाटावरची यांचे उत्तर

मी गेली सहा वर्षे आमच्या भागातील महिलांची टेनिस चेंडूची स्पर्धा भरवते, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर थोडे लिहिते.

खेळपट्टीसाठी हिरवळीची तयार खेळपट्टी आणून बसवण्याचा विचार मनातही आणू नका. २०१५ मध्ये सचिन आणि वॉर्न यांच्या संघांचे तीन प्रदर्शनीय सामने न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस येथील मेजर लीग बेसबॉलच्या मैदानांवर झाले, तेव्हा अशा खेळपट्ट्या वापरल्या गेल्या, पण ते काम आणि तो पैसा आपल्या आवाक्यातला नाही. आपल्याला काथ्याची किंवा कृत्रिम धाग्यांची गुंडाळून नेता येणारी मॅट हवी. मात्र आउटफिल्डची हिरवळ मऊ असते आणि मॅटवरून चेंडू उसळतच नाही, हे आम्ही एकदा पस्तावून शिकलो. त्यासाठी मॅटखाली प्लायवुडचे किंवा जाड रबराचे तक्ते एकमेकांना जोडून अंथरावेत. ठोकायला परवानगी नसल्यामुळे कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, पण त्या पॉपिंग क्रीजपासून दूर असाव्यात, कारण धावबाद होताना खेळाडू नेमके तिथेच घसरत येतात. यष्ट्या स्प्रिंगच्या बैठकीच्या वापराव्यात. तक्ते सामना संपताच उचलावेत, कारण खालची हिरवळ दिवसभर झाकलेली राहिली तर पिवळी पडते आणि अनामत रक्कम तिथेच अडकते.

वडापावसाठी मी ठेकेदाराशीच बोलले असते. आमच्याकडे एका सभागृहात असाच नियम होता. आम्ही त्यांना विक्रीतील ठरावीक हिस्सा दिला, आणि परवाना असलेल्या एका भारतीय उपाहारगृहाकडून पदार्थ त्यांच्या नावाने पुरवले. नफा घटला, पण पंगत मोडली नाही. ते मान्य होत नसेल, तर वाहनतळ त्या करारात येतो का, हे कागद वाचून पाहा. येत नसेल, तर मिसळ तिथे मांडता येईल, आणि दुपारच्या सुट्टीत खेळाडू तसेही गाडीपाशीच जातात.

भूमितीचे मास्तर यांचे उत्तर

घाटावरची यांच्या तक्त्यांच्या सूचनेत एक भर. आउटफिल्डला पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण २० मीटरच्या मॅटवर जाणवतो. आदल्या दिवशी पाणसळ नेऊन पाहावी. आणि तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली धरावी, कारण त्यानंतर बरेच मैदानप्रमुख हिरवळीची हिवाळी डागडुजी सुरू करतात आणि मग आउटफिल्डवर कोणालाही पाऊल ठेवू देत नाहीत.